सतरा शीण

चाकाचा शोध लागला त्या दिवसापासून माणूस एका जागी स्वस्थ बसलेला नाही, असं शालिकराम कटरेचं ठाम मत होतं. हे मत त्याने भिलाईच्या कारखान्यातल्या स्टोअरच्या टायर सेक्शनमध्ये, एका खुर्चीवर, चार वर्षं न उठता तयार केलं होतं. खुर्ची लोखंडी होती. तिचा डावा मागचा पाय आखूड होता म्हणून त्याखाली त्याने टायरचा एक तुकडा दुहेरी दुमडून ठेवला होता, आणि त्या दिवसापासून खुर्चीही स्वस्थ होती आणि मतही. बाहेर धमनभट्टीचा धूर, रेल मिलची शिट्टी, माती वाहणाऱ्या डंपरांची रांग; सगळा देश धावत होता आणि त्याच्या टायरची नोंद शालिकराम बसून करत होता. डंपरचा टायर माणसापेक्षा उंच. दुपारी सावली शोधायची तर शालिकराम यार्डात टेकवून ठेवलेल्या अशाच एका टायरच्या पोटात शिरायचा, डबा मांडीवर घ्यायचा आणि रबराच्या वासात भात खायचा. रबराच्या वासाशिवाय भात बेचव लागतो हे त्याला सुट्टीच्या दिवशी कळायचं.

बासष्ट सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, त्याला एका रशियन माणसाने ओळखलं. घडलं ते इतकंच, पण नीट सांगायला हवं. रेल मिलमधले दिवाकर मुळेसाहेब त्या सकाळी आपली लाल गाडी घेऊन स्टोअरच्या दारात आले होते. गाडी दोन सीटांची, कापडी टपाची, बसक्या नाकाची. कुठल्याशा जमीनदारीच्या वारसाने मोडीत काढली आणि मुळेसाहेबांनी उचलली. मुळे म्हणजे दुर्गचं तीन पिढ्यांचं मराठी घर, वकिली सोडून प्लँटमध्ये आलेला पहिला मुलगा. घरी आई म्हणायची की ही गाडी आहे की पायताण. साहेब आत सही करायला गेले, शालिकराम रजिस्टर छातीशी धरून गाडीच्या पुढच्या चाकाशी उभा राहिला, आणि तिथून डंपर विभागाचा रशियन तज्ज्ञ चालला होता. नेहमी बरोबर असणाऱ्या दुभाष्याला गालफुगी झाली होती, त्यामुळे तो रशियन एकटाच. तो थांबला. शालिकरामकडे बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. मग फार दुःखाने मान हलवून म्हणाला, ‘स्तारया शीना.’ शालिकराम हसला, कारण रशियनांशी बोलताना तो तेवढंच करायचा. रशियन हसला नाही. त्याने बोट रोखून पुन्हा म्हटलं, ‘स्तारया शीना. नोवाया शीना, नोवाया.’ आणि शालिकरामच्या खांद्यावर, आजारी माणसाला थोपटतात तसं थोपटून निघून गेला.

आता वैनगंगेच्या त्या अंगाला, तिरोड्याकडे, जिथून शालिकराम आला होता, तिथे ण म्हणायची पद्धत नाही. पाणी ते पानी, लोणी ते लोनी, आणि शीण तो शीन. शालिकराम शाळेत ण शिकला होता, ऑफिसात लिहीत होता, पण कान अजून गावचेच होते. त्या कानांनी जे ऐकलं ते स्वच्छ होतं. सतरा या शीना. नव्या शीना. म्हणजे तुला सतरा शीण आहेत, आणि आता नवा येतो आहे. हा माणूस साता समुद्रापलीकडून, बर्फातून आला, त्याला मराठी येत नाही, आणि आल्या आल्या त्याने एका माणसाचे शीण मोजले, ही गोष्ट शालिकरामला आश्चर्याची वाटली; खोटी मात्र वाटली नाही. तज्ज्ञ लोक. भट्टीच्या रंगावरून आतली उष्णता सांगतात, त्यांना चेहऱ्यावरून एवढं कळत असेल. त्याला फक्त आकड्याचं कुतूहल वाटलं. दहा नाही, वीस नाही, नेमके सतरा कावून?

संध्याकाळी सायकलवरून घरी, सेक्टर दोनकडे जाताना त्याने मोजायला सुरुवात केली. पहिला कमरेचा, तो सगळ्यांनाच असतो. दुसरा, उजव्या हाताच्या बोटांचा, लिहून लिहून. तिसरा हिंदी बोलण्याचा. दिवसभर बोलून संध्याकाळी जबडा दुसऱ्याचा वाटतो. चौथा तांदळाचा, म्हणजे इथल्या तांदळाला घरच्यासारखा वास नाही याचा. पाचवा एकसारख्या क्वार्टरांचा, कारण गेल्या पावसाळ्यात तो दोनदा शेजाऱ्याच्या घरात शिरून पायताण काढून बसला होता, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी चहाही दिला. असं करत करत वळणापर्यंत अकरा झाले. अकरानंतर मोजदाद अडली. आपल्या अंगात सहा शीण असे आहेत जे आपल्याला माहीत नाहीत आणि रशियाला आहेत, या विचाराने त्याला थोडी भीती वाटली, थोडा मान वाटला. घरी बायको, नलू, भाकरी थापत होती. त्याने विचारलं की मले किती शीन असतीन असं तुले वाटते. नलूने वर न बघता विचारलं, ‘तुमाले? बसून बसून शीन येते का कोनाले?’

तिच्यापाशी पाटावर हिरालाल बसला होता, शालिकरामचा थोरला भाऊ. आठ दिवसांपूर्वी गावाहून आला होता, पाय दाखवायला. डाव्या पायाचं हाड चौदा वर्षांपूर्वी मोडून वाकडं जुळलं होतं, पाय दोन बोटं आखूड होता, आणि डॉक्टरांनी बघून, फोटो काढून, आता आहे तो छानच आहे असं सांगितलं होतं. हिरालालला त्यात नवीन काही वाटलं नाही. तो चालायचा तेव्हा त्याचं डोकं झोपाळ्यासारखं वर-खाली व्हायचं आणि तो बोलायचाही त्याच तालात. नलूने आदल्या दिवशी त्याच्याच हाती शालिकरामचा डबा पाठवला होता. स्टोअरमध्ये तो शालिकरामच्या खुर्चीवर बसला, हलून बघितलं, खाली वाकून काहीतरी न्याहाळलं, आणि मग त्या दिवशीही दारात उभी असलेली लाल गाडी दिसल्यावर सगळं विसरून तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मुळेसाहेब तिथेच होते. हिरालालने त्यांना विचारलं, ‘साहेब, हिचं जू कुठं असते?’ साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी नवे टायर बसले की शिवनाथ नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणण्याचं वचन देऊन टाकलं. हिरालालची आगगाडी शनिवारी दुपारची होती, गावाकडची. तर शनिवारच्या आत, असं ठरलं. तेव्हापासून हिरालाल नलूला पुन्हा पुन्हा सांगत होता की ती गाडी म्हंजे पटाचीच गाडी हाय, आपल्यावानी, फक्त बैल आत बसवले.

पट म्हणजे शंकरपट. संक्रांतीनंतर तिकडे गावोगाव बैलजोडीची शर्यत लागते. हलकी गाडी, तिच्यावर एकच माणूस उभा, त्याला धुरकरी म्हणतात, आणि हिरालाल हा वीस गावांत नावाजलेला धुरकरी होता. शालिकराम भाकरी मोडत भावाकडे बघत राहिला. बारावा शीण त्याला सापडला होता, आणि त्याने तो मोजला नाही. तेरावा मोजला, तो शेजारच्या रेडिओचा.

मात्र न मोजलेला शीण जागा सोडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डंपरच्या टायरमध्ये पाय पसरून बसल्यावर तो बाजूला येऊन बसला. गावात बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची कडी चढवतात तिला धाव म्हणतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. चर्रकन वाफ उठते, कडी आक्रसते आणि चाक आवळून धरते. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या सालीही तसंच चाललं होतं. लोहाराने विचारलं, नवी धाव चढवू की जुनीच काढून परत बसवू? बाबांनी लोहाराकडे बघितलं, हिरालालकडे बघितलं, आणि मग, जन्मात पहिल्यांदा, शालिकरामकडे. तो नुकताच मॅट्रिक झाला होता. बाबा म्हणाले, तू शिकला हायेस, पाह्य बरं, तुले काय वाटते. जमलेली सगळी माणसं त्याच्याकडे बघू लागली. त्याने जुनी धाव हातात घेतली, फिरवली. एका ठिकाणी एक बारीक काळी रेघ होती. त्याला वाटलं केस आहे, बैलाचा. त्याने नखाने काढायला बघितला. निघाला नाही. त्याने दुसऱ्यांदा नख लावलं नाही. इतकी माणसं इतक्या आदराने आपल्याकडे बघत असताना केसासाठी थांबणं त्याला बरं दिसेना. तो म्हणाला, ‘चालते.’ तिसऱ्या दिवशी पटात, अर्ध्या वाटेवर, केस उघडला. धाव सुटून एकटीच पुढे गेली. लोक सांगत की ती जोडीच्या आधी निशाणापाशी पोचली. चाक बसलं, हिरालाल गाडीखाली आला. लोहाराला बाबा वर्षभर शिव्या देत होते. लोहाराने तोंड उघडलं नाही, आणि शालिकरामने तर नाहीच नाही. त्यानंतर कोणी काही विचारलं की तो म्हणायचा, नियमात काय लिहिलं आहे ते बघतो. सरकारी नोकरीत याला हुशारी समजतात. त्याला चार वर्षांत दोनदा शाबासकी मिळाली होती.

गुरुवारी दुभाषी गाल बांधून कामावर आला. शालिकरामने त्याला गाठलं आणि, जरा लाजत, रशियनसाहेबांनी आपल्या प्रकृतीबद्दल जे सांगितलं त्याचा खुलासा मागितला. दुभाष्याने ते शब्द तीन वेळा म्हणून घेतले आणि गाल दुखत असतानाही हसला. शीना म्हणजे टायर. स्तारया म्हणजे जुना, नोवाया म्हणजे नवा. साहेब म्हणत होते की त्या लाल गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, नवे घाला. बस, इतनी सी बात, असं म्हणून दुभाषी गेला. शालिकराम उभाच राहिला. दोन दिवस आपल्याला कोणीतरी ओळखलं आहे या भावनेवर तो जगत होता आणि ते टायरला उद्देशून होतं. त्याला खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण शीण मोजून झाले होते. ते काही दुभाष्याबरोबर गेले नाहीत. शिवाय एक नवीन कुतूहल लागलं. एकाच गोल वस्तूला त्याच्या गावात धाव म्हणतात आणि रशियात शीण. वस्तू तीच. आपण वर बसलो आहोत की खाली सापडलो आहोत यावर नाव अवलंबून असेल, असं त्याला वाटलं, आणि हे मत त्याने प्रथमच उभ्याने बनवलं.

शुक्रवारी सकाळी मुळेसाहेबांनी तीन प्रकारचे टायर शेडमध्ये आणून मांडले. पहिले विलायती, नेमक्या मापाचे, खाकी कागदात गुंडाळलेले. कलकत्त्याच्या गोदामात दहा वर्षं पडून होते, कोरे, एक मैलही न चाललेले. दुसरे नागपूरचे, जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. तिसरे देशी, टॅक्सीला लागतात ते, अर्ध्या इंचाने रुंद, पूर्ण वळवलं तर पंख्याला, म्हणजे चाकावरच्या मडगार्डला, घासणारे. हिरालाल तेव्हा तिथेच होता, खुर्चीवर. डब्याचं निमित्त सकाळीच काढून आला होता. साहेबांची निवड झालीच होती. ते कागद सोडवत होते, काळं चकचकीत रबर बाहेर येत होतं, आणि अंगठ्याने नक्षी चाचपत त्यांनी सहज, केवळ शिष्टाचार म्हणून विचारलं, ‘शालिकरामजी, तुम्ही टायरचे मास्टर. तुम्हांला काय वाटतं?’

शेडमध्ये इतरही माणसं होती. सगळी बघत होती. शालिकरामला गोवऱ्यांच्या धुराचा वास आला, भट्टीचा असेल. त्याचं तोंड सवयीने उघडलं, मापाच्या बाबतीत नियम असा की, इथपर्यंत शब्द ओठांवर आले. माप बरोबर होतं. नियमाने विलायती. नियमाने काहीही झालं तर ते नियमाने झालं असतं, आणि हिरालाल उद्या सकाळी त्या नियमावर बसून शिवनाथच्या पुलाकडे निघाला असता, वारा तोंडावर घेत. शालिकराम उकिडवा बसला. टायर दोन्ही हातांत धरला आणि पोळी उलटावी तसा दाबून त्याची कड वाकवली. नक्षी निर्दोष होती. बाजूच्या भिंतीवर, कडेपासून दोन बोटांवर, एक केस होता. त्याने नख लावलं. निघाला नाही. त्याने दुसऱ्यांदा लावलं. मग टायर थोडा फिरवून दाबला, तिथे आणखी तीन केस होते, आणि दाबल्यावर त्यांतल्या एकाने, अगदी बारीक, पेंगुळलेल्या डोळ्यासारखी फट उघडली.  खरं सांगायचं तर भीती कमी आणि उत्सुकता जास्त होती. चौदा वर्षं तो हाच प्रश्न मनात घोळवत होता की दुसऱ्यांदा नख लावलं असतं तर काय दिसलं असतं. हे दिसलं असतं.

नागपूरच्या टायरकडे त्याने बघितलं, वरचं रबर टिचकीने वाजवलं आणि बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘टॅक्सीचे घाला साहेब.’

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले की या गाडीला टॅक्सीचे टायर म्हणजे नवरीला गमबूट, आणि पंख्याला घासतील ते वेगळंच. ‘आणि हे कोरे आहेत हो. एक मैल धावलेले नाहीत.’

‘म्हूनच, साहेब. दहा वर्सं एका जागी बसून हायेत.’ शालिकराम उठला. गुडघा कटकन वाजला. ‘बसून बसूनबी शीन येते.’

हे वाक्य त्याला नलूसाठी हवं होतं, पण ती तिथे नव्हती. साहेबांनी फट बघितली, स्वतः नख लावलं, आणि बराच वेळ त्या सुंदर नक्षीकडे, ठरलेलं लग्न मोडल्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, ठीक आहे. हिरालाल खुर्चीवरून म्हणाला की पटाच्या गाडीले ओझ्याच्या बंडीचे चाक, बहुत मजा येनार बावा. त्याच्या आवाजात टोमणा आहे की नाही हे शालिकरामला कळलं नाही. अकरा दिवसांत, किंवा चौदा वर्षांत, ते त्याला कधीच कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आठला मुळेसाहेब आणि हिरालाल निघाले. शालिकरामने चारही चाकांच्या नटांवर पाना फिरवून बघितला, मेकॅनिकने फिरवलेला असूनही. हिरालालने मुळेसाहेबांचा काळा चष्मा लावला होता आणि टॉवेल डोक्याला गुंडाळला होता. शालिकराम त्याच्या बाजूला वाकला. तेव्हाच धावेचं सांगायचं असं त्याने रात्री ठरवलं होतं, पण त्याच्या तोंडून निघालं की पाय आत घे. गाडी फाटकाबाहेर वळली आणि उजव्या पंख्याला घासून खर्र असा आवाज झाला, मोठ्याने खाकरल्यासारखा, आणि मग सरळ रस्त्याला लागून ती दिसेनाशी झाली. शालिकरामने खुर्ची दाराबाहेर आणली. बसवेना. उभं राहवेना. खुर्ची नुसतीच त्याच्यापाशी थांबली. सपाट रस्ता, जानेवारीचं ऊन, दुर्गपर्यंत सायकलींची गर्दी, मग बाजार, मग मोकळा रस्ता, मग पूल. तो मनाने प्रत्येक वळणावर चाकाखाली झोपत होता आणि खालून बघत होता. सायकलवाले थांबून लाल गाडी बघत असतील आणि खालचे टायर बघून हसत असतील. पन्नास मिनिटं झाली. आपण आज स्वतःच्या तोंडाने निवडलं आहे. आता काही झालं तर लोहारही नाही. हा तो नवा शीण, नोवाया, हे त्याच्या लक्षात आलं, आणि आश्चर्य म्हणजे तो अंगावर जड नव्हता. कमरेत थोडा हलकेपणाच होता.

मग खर्र असा आवाज आला.

हिरालाल उतरला तेव्हा भुवयांवर धूळ होती, चष्म्याखाली डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ गोल होते. मुळेसाहेब म्हणाले की टायर पकडून चालतात, पण गाडी पळत नाही, ऑफिसला निघाल्यासारखी जाते. आणि पंखा थोडा ठोकून घ्यावा लागेल. पण ते हसत होते. पुलावर हिरालाल म्हणे सीटवर उभा राहिला होता.

दुर्ग स्टेशनला जायला अजून वेळ होता. नलूने दिलेल्या भाकऱ्या घेऊन दोघे भाऊ डंपरच्या टायरमध्ये शिरले आणि आमनेसामने, पायात पाय अडकवून बसले. हिरालालचा डावा पाय शालिकरामच्या मांडीपाशी येऊन संपत होता. उजवा त्याच्या पुढे जात होता. त्या दोन बोटांच्या फरकाकडे बघत शालिकरामने सांगितलं. सगळं, क्रमाने, रजिस्टर वाचून दाखवावं तसं. लोहाराने काय विचारलं, बाबा काय म्हणाले, केस कुठे होता, नख किती वेळा लावलं. शेवटी म्हणाला, ‘मले दिसली होती ती रेघ, भाऊ. तरीबी मीनंच म्हटलं चालते म्हून.’

हिरालाल चावत होता. चावून झाल्यावर त्याने विचारलं की कोनती धाव, त्या सालची की त्याच्या मागच्या. शालिकरामने सांगितलं, तुझा पाय मोडला ती. ‘अच्छा, ते,’ हिरालाल म्हणाला, आणि मिरची शोधू लागला. मिरची सापडली. बाहेरून डंपर गेला, टायर त्याच्या कंपनाने थरथरला, रबराचा वास दाटला. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली होती, लोहार त्याच्याही आधी. शालिकराम वाट बघत होता. आता शिवी येईल, किंवा थप्पड, किंवा भाऊ रडेल, किंवा काहीतरी असं म्हणेल की त्यानंतर सतराही शीण एका झटक्यात उतरतील, किंवा कायमचे बसतील. यांतलं काय होईल याचं त्याला, घाबरलेला असूनही, फार कुतूहल होतं.

हिरालालने हात धोतराला पुसले.

‘शालिक, त्या गाडीचे जुने टायर फेकून राहिले का तुमी लोकं?’

‘कावून?’

‘मले चपला करून पाठवजो. अन् डाव्या चपलेखाली दोन पदर लावजो. तुया खुर्चीले लावले तसेच.’